घरची कोरफड आणि शोभेचे अलो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एवढंच सांगते, अलो म्हणजे कोरफडीच्याच जातकुळीतली झाडं, आणि खालचं सगळं आपल्या हवेला धरून लिहिलंय. नेटवर कोरफडीबद्दल जे वाचायला मिळतं त्यातलं बरंचसं थंड देशात काचेच्या खिडकीत झाडं ठेवणाऱ्यांसाठी असतं, त्यांना आपल्यासारखा चार महिने पाऊस आणि दमट हवा सोसावी लागत नाही. आपल्याकडे कोरफड उन्हाळ्यात तहानेने फारशी मरत नाही, ती जुलै-ऑगस्टमध्ये मुळं कुजून मरते, आणि खालच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

कोरफडीला किती दिवसांनी पाणी घालायचं?

दिवस ठरवून घालूच नका, माती बघून घाला. संपलेल्या अगरबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसायची, दोन मिनिटांनी बाहेर काढायची, ओली माती चिकटून आली तर त्या दिवशी पाणी नाही, कोरडी ठणठणीत आली तर घाला. वरची माती कोरडी दिसते म्हणून पाणी घालणारे खूप जण आहेत आणि खाली सगळा चिखल असतो. साधारण अंदाज हवाच असेल तर एप्रिल-मेमध्ये उन्हात ठेवलेल्या मातीच्या कुंडीला आठवड्यातून एकदा, हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी, आणि पावसाळ्यात छपराखाली असेल तर तीन-चार आठवड्यांनीसुद्धा चालतं.

पण जेव्हा घालाल तेव्हा खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर घाला. रोज अर्धा कप अर्धा कप असं करू नका, त्याने वरची दोन इंच माती कायम ओली राहते आणि खालची मुळं कोरडीच. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचू देऊ नका, बाजूने मातीत ओता.

पावसाळ्यात बाहेर उघड्यावर ठेवली तर चालेल का?

जमिनीत उतारावर लावलेली मोठी कोरफड पाऊस सहन करते, गावाकडे बांधावर, कुंपणाला वर्षानुवर्षं असतेच की. कुंडीतली मात्र करत नाही कारण कुंडीला पाणी पळून जायला जागाच कमी. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात तर जूनच्या पहिल्या पावसाआधीच कुंड्या ग्रिलच्या आत, गॅलरीच्या भिंतीकडे, जिथे झड पोचणार नाही तिथे सरकवा. गच्चीवर असतील तर वर पारदर्शक पत्रा किंवा प्लास्टिक ताणा पण बाजूने वारा खेळता राहू दे, चारी बाजूंनी गुंडाळून ठेवलंत तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. पुणे, नाशिक, सोलापूर, मराठवाडा इकडे पाऊस कमी म्हणून निर्धास्त राहू नका, सलग आठ दिवसांची झड लागली की तिथेही तेच होतं.

सप्टेंबर संपता संपता ऊन पडायला लागलं की एकदम बाहेर काढू नका, हळूहळू काढा. चार महिने सावलीत राहिलेली पानं ऑक्टोबर हीटमध्ये भाजतात.

पानं मऊ, पाणचट झालीत आणि बुंध्याशी काळपट दिसतंय. वाचेल का?

लगेच हात लावलात तर बऱ्याचदा वाचते, आठवडा घालवलात तर नाही. पहिलं काम, कुंडीतून उपटून काढा आणि माती झटकून मुळं बघा. चांगलं मूळ पांढरट-पिवळसर, टणक असतं, ओढलं तर तुटत नाही. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं असतं आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुळकन निघून हातात येते, आत नुसता दोरा उरतो, वासही आंबट-कुजका येतो. अशी सगळी मुळं कापून टाका. मग बुंधा बघा. धारदार सुरी स्पिरिटने पुसून बुंध्याचा खालचा चकतीएवढा तुकडा कापा, कापलेल्या जागी मधोमध तपकिरी गोल किंवा ठिपके दिसले तर अजून वर कापा, पुन्हा सुरी पुसा, पुन्हा बघा, असं आतला भाग पूर्ण पांढरा-हिरवट स्वच्छ दिसेपर्यंत वर वर जायचं. खालची मऊ पानं काढून टाकायची. कधी कधी हातात फक्त मधला शेंडा आणि चार पानं उरतात, पण तेवढ्यातूनही झाड उभं राहतं.

आता लगेच मातीत खोचू नका. सावलीत, हवेशीर जागी, पेपरवर आडवं ठेवून आठवडाभर सुकू द्या, कापलेल्या जागी कोरडी खपली धरायला हवी. दमट दिवसात दहा-बारा दिवसही लागतात. त्यानंतर कोरड्या वाळूत किंवा जाड मिश्रणात नुसतं टेकवून ठेवा, हललं तर काडीचा टेकू द्या, आणि पाणी आणखी आठवडाभराने थोडंसं. पानं या काळात बारीक होतील, सुरकुततील, घाबरू नका, झाड पानातल्या साठ्यावर जगत असतं आणि मुळं काढत असतं. मधला शेंडाच ओढल्यावर सुटून आला असेल तर मात्र ते झाड गेलं, बाजूला पिल्लं, म्हणजे बुंध्यापासून फुटलेली छोटी रोपं, असली तर ती वेगळी काढून सांभाळा.

माती कुठली घ्यायची?

काळी माती नको. कापसाची काळी माती पाणी धरून ठेवते, भिजली की फुगते आणि सुकली की दगड होते, कोरफडीला दोन्ही त्रासाचं. लाल माती किंवा मुरमाड माती मिळाली तर उत्तम. माझं नेहमीचं मिश्रण: एक भाग लाल माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, अर्धा भाग नीट कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. बांधकामाची बारीक वाळू नको, ती मातीत मिसळून सिमेंटसारखी बसते, चाळून उरलेली जाडी वाळू हवी. शहरात पर्लाइट, प्युमिस असे हलके सच्छिद्र खडे मिळतात, परवडत असेल तर घ्या, नाहीतर वीटभट्टीवरचे किंवा रिनोव्हेशनमधून उरलेले विटांचे तुकडे फोडून वाटाण्याएवढे केले की तेच काम होतं.

नर्सरीतून आणलेलं रोप बहुतेक वेळा नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा लाल चिकणमातीच्या गोळ्यात असतं. तो गोळा तसाच नव्या कुंडीत ठेवू नका, हलक्या हाताने सोडवून घ्या, नाहीतर बाहेरची माती कोरडी आणि आतला गोळा ओला अशी गत होते. तळाला खडीचा थर द्या असं बरेच जण सांगतात, त्याने निचरा सुधारत नाही, उलट ओली माती मुळांच्या अजून जवळ येते. भोकावर एक खापरीचा तुकडा ठेवला की पुरे.

कुंडी केवढी आणि कशाची?

मातीची, भोक असलेली, खोलीपेक्षा रुंदी जास्त. आठ-दहा इंची कुंडी एका झाडाला दोन वर्षं पुरते. मोठी कुंडी दिली तर झाड लवकर वाढेल असं नाही, जास्तीची माती ओली राहते एवढंच. भोक नसलेले सिरॅमिकचे सुंदर पॉट गिफ्ट येतात ना, त्यात ड्रिलने भोक पाडून घ्या किंवा त्यात आतली प्लास्टिक कुंडी ठेवा. आणि कुंडीखाली प्लेट असेल तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासात ती रिकामी करा, मुळांसाठी तर आहेच पण डेंग्यूच्या डासाची अंडी अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात होतात.

ऊन किती लागतं? बेडरूममध्ये ठेवता येईल का?

रोज चार-सहा तास थेट ऊन मिळालं तर पानं जाड, ताठ, गराने भरलेली होतात. पूर्वेची किंवा दक्षिणेची गॅलरी सगळ्यात छान. पश्चिमेकडचं दुपारचं ऊन मुंबई-पुण्यात चालतं पण नागपूर, अकोला, चंद्रपूर इकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा दुपारी बारा ते चार ग्रीन नेटची सावली द्या, आणि काळी प्लास्टिकची कुंडी असेल तर तिच्याभोवती पांढरं पोतं गुंडाळा कारण कुंडी तापून मुळंच शिजतात.

बेडरूममध्ये खिडकीला लागून, जिथे बसून दिवसा लाइट न लावता पेपर वाचता येतो तिथे ती तग धरेल, वाढणार मात्र नाही. खिडकीपासून लांब टीपॉयवर, टीव्हीशेजारी, बाथरूममध्ये, नाही. असं इंटिरियरच्या फोटोत दिसतं पण ते फोटोपुरतं असतं.

रात्री ऑक्सिजन देते म्हणून उशाशी ठेवावी म्हणतात, खरं का?

नाही. यात अर्धी गोष्ट खरी आहे म्हणून ती पसरते. कोरफडीसारखी कोरड्या भागातली झाडं पाणी वाचवायला दिवसा पानांची रंध्रं मिटून ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात. पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतो, तो दिवसाच तयार होतो. हवा शुद्ध करते हे जे सांगतात त्यामागे नासाचा १९८९ चा अभ्यास आहे, त्यात कोरफडही होती, पण ते प्रयोग बंद पेटीत केलेले होते, तुमच्या घरात दारं-खिडक्या उघडी असतात, तिथे एका कुंडीने हवेत काही मोजण्यासारखा फरक पडत नाही. ठेवायची तर आवडते म्हणून ठेवा, उपकरण म्हणून नको.

पानं लालसर-तपकिरी झाली, रोग आहे का?

बहुतेक वेळा ऊन एकदम वाढलं किंवा खूप दिवस पाणी नाही याची ती खूण आहे, पान दाबून बघा, टणक असेल तर काळजी नको. थोडी सावली आणि एकदा भरपूर पाणी दिलं की काही आठवड्यांत परत हिरवं होतं. पान पातळ होऊन कडा आत वळल्या असतील तर तहान लागलीय. पान जाडच आहे पण मऊ आणि पारदर्शक दिसतंय तर पाणी जास्त झालंय. या दोन्हींत गल्लत झाली की लोक कुजणाऱ्या झाडाला अजून पाणी घालतात.

पानं लांबट, फिकट होऊन खाली लोळतात.

ऊन कमी. दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उजेडात न्या. लोळलेली पानं परत ताठ होत नाहीत, मधून नवी येतील ती उभी येतील.

माझ्याकडची खरी कोरफड आहे की दुसरंच काही?

अलो या जातकुळीत पाचशेहून जास्त जाती आहेत, बहुतेक आफ्रिका, मादागास्कर आणि अरबस्तानातल्या. आपण जिला कोरफड म्हणतो ती अलो व्हेरा, मूळची ओमानच्या डोंगराळ भागाकडची मानतात, आणि माणसांनी नेऊन ती जगभर लावली. पानं राखट-हिरवी, कडेला मऊसर पांढरट काटे, पिवळी फुलं. लहानपणी पानांवर पांढरे ठिपके असतात आणि वय वाढलं की कमी होतात, त्यामुळे ठिपके आहेत म्हणजे नकली असं नाही. मात्र ठिपके कायम राहतात, झाड बुटकं राहतं, पिल्लं भराभर येतात आणि फुलं नारिंगी येतात असा एक प्रकारही कोरफड म्हणूनच विकतात, तो शोभेला छान आहे पण त्यात गर फार कमी.

गावाकडे घायपात, केकताड असते तिलाही काही जण मोठी कोरफड समजतात. तसं करू नका, घायपातीचं पान मोडलं की आत दोरे दोरे निघतात आणि तिच्या रसाने अंगाला जबरदस्त खाज सुटते. ती अमेरिका खंडातली, आणि एकदा फुलली की मरते. कोरफड दरवर्षी फुलू शकते.

खाण्या-लावण्यासाठी हवी असेल तर जात नक्की माहीत असलेलीच वापरा, अलोच्या काही जाती विषारी आहेत.

पिल्लं कधी वेगळी करायची?

चार-पाच इंच उंच झाली आणि स्वतःची मुळं धरली की. त्याआधी काढली तर आईच्या जिवावर वाढायची ती अडखळतात. योग्य काळ म्हणजे फेब्रुवारी-मार्च किंवा पाऊस पूर्ण थांबल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर. आख्खं झाड कुंडीतून काढा, पिल्लू आणि मोठं झाड जोडणारी जाड दांडी स्वच्छ सुरीने कापा, दोन-तीन दिवस सावलीत सुकवा, कोरड्या मिश्रणात लावा, पाणी पाच-सहा दिवसांनी. कुंडी बदलायची तीही याच वेळी, दोन वर्षांतून एकदा. सगळी पिल्लं काढायलाच हवीत असं नाही, पण गच्च भरलेल्या कुंडीत कुणाचंच पान जाड होत नाही.

नुसतं पान खोचून रोप येतं का?

कोरफडीचं नाही. इतर बऱ्याच सक्युलंट्सचं, म्हणजे जाड रसाळ पानांच्या झाडांचं, येतं, कोरफडीचं पान बहुतेक वेळा कुजतंच.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतोय.

मिलीबग, पिठ्या ढेकूण. सर्जिकल स्पिरिटमध्ये कानात घालायची कापसाची काडी बुडवून एकेक पुसून काढा, बेचक्यात नीट आतपर्यंत. मग पाच मिली नीम ऑइल, दोन-तीन थेंब लिक्विड सोप, एक लिटर पाणी हे हलवून संध्याकाळी फवारा, आठ दिवसांनी परत, असं तीनदा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. कुंडीजवळ मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त करा, मिलीबगचा गोड चिकटा खायला त्या येतात आणि बदल्यात किड्यांना सांभाळतात, मुंग्या राहिल्या तर मिलीबग परत येणारच. एवढं करूनही झाड मलूल असेल तर मुळं बघा, मातीतही मिलीबग असतो.

पानांवर काळे गोल डाग पडलेत. एका झाडाला तर ओबडधोबड गाठी आल्यात.

डाग कोरडे, कडक असतील आणि वाढत नसतील तर तो तांबेऱ्यासारखा बुरशीचा जुना डाग, जात नाही पण पसरतही नाही, हवा खेळती ठेवा आणि पानांवर पाणी मारणं बंद करा. ओलसर आणि पसरणारे असतील तर ते पान काढून टाका. गाठींचं मात्र गंभीरपणे घ्या. डोळ्याला न दिसणारी कोळी जातीची कीड असते, ती वाऱ्याने पसरते आणि झाडाच्या पेशी वेड्यावाकड्या वाढायला लावते. गाठीचा भाग भरपूर अंतर सोडून कापा, पिशवीत बंद करून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. जास्त पसरलं असेल तर झाड टाकून द्या, वाईट वाटतं पण बाकीची वाचतात.

खत?

मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये मूठभर गांडूळखत. युरिया अजिबात नको, पान फुगतं, नरम पडतं आणि कीड पटकन धरते. चहाचा चोथा, तांदळाचं पाणी, अंड्याची टरफलं याची कोरफडीला गरज नाही.

फूल कधी येतं?

तीन-चार वर्षांच्या, भरपूर ऊन मिळणाऱ्या झाडाला, हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या तोंडाशी. मधून दोन-तीन फुटी दांडा निघतो आणि पिवळ्या नळ्यांसारखी फुलं खालून वर उमलत जातात. शिंजीर पक्षी मधासाठी हमखास येतात, गॅलरीत उभं राहून बघण्यासारखं असतं, म्हणून दांडा कापू नका. सुकला की कापा.

गर कसा काढायचा? कापल्यावर पिवळं पाणी येतं ते काय?

झाड निदान दोन वर्षांचं हवं आणि एका वेळी बाहेरची एक-दोन पानंच घ्यायची, मधली कधीच नाही. पान बुंध्याशी कापलं की सालीच्या अगदी आतून पिवळा, कडू, उग्र वासाचा चीक टपकायला लागतो, हवेत थोड्या वेळात तो तांबूस होतो. गर म्हणजे तो नव्हे. पान कापलेली बाजू खाली करून ग्लासमध्ये पंधरा मिनिटं उभं ठेवा, चीक निथळू द्या, मग धुवा, दोन्ही कडांचे काटे काढा, सपाट बाजूची साल सुरीने उचला आणि आतला काचेसारखा गर चमच्याने काढा, परत एकदा धुवा. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतो, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर जास्त. चेहऱ्याला लावायच्या आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबा, काहींना ॲलर्जी असते.

भाजलं तर आधी वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, गर त्यानंतर, आणि तोही वरवरच्या चटक्यावर. फोड मोठा असेल, कातडी सोलली असेल तर काही न लावता डॉक्टर.

ज्यूस रोज प्यावा का?

माझं मत नाही. वर सांगितलेल्या पिवळ्या चिकात अलोइन नावाचं द्रव्य असतं, तो चीक आटवून जुन्या काळी काळा बोळ करायचे आणि जुलाब व्हावेत म्हणून वैद्याच्या सल्ल्याने द्यायचे. त्याने पोटात कळा येतात, जुलाब होतात, शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. अमेरिकेत २००२ साली चिठ्ठीशिवाय दुकानात मिळणाऱ्या जुलाबाच्या औषधांतून तो काढायला लावला, आणि आख्ख्या पानाच्या अर्काला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संभाव्य कर्करोगकारकांच्या २बी गटात टाकलंय. घरी मिक्सरला सालासकट पान फिरवून पिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया, लहान मुलं यांनी नकोच, साखरेच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पान भाजून रस-हळद द्यायचा आजीचा खोकल्याचा उपाय बऱ्याच घरांत आहे, पण बाळाला डॉक्टरांना विचारूनच, आणि त्यात मध घालत असाल तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला तो मुळीच नाही.

घरात मांजर-कुत्रं आहे.

उंचावर ठेवा. चावलं तर उलट्या-जुलाब होतात, दोघांनाही.

दारावर उलटी टांगलेली कोरफड इतके महिने कशी जगते?

पानांत साठवलेल्या पाण्यावर. दिवसा रंध्रं मिटलेली, वरून मेणचट साल, त्यामुळे पाणी उडतं फार हळू. हळूहळू बाहेरची पानं वाळतात आणि आतली जगतात, शेंडा उजेडाकडे वर वळायला लागतो. नजरेसाठी टांगण्याची आपली पद्धत आहे ती पाळा, पण पानं कागदासारखी पातळ व्हायच्या आधी खाली उतरवून कुंडीत लावा आणि दारावर नवी टांगा, जुनी परत जोमाने धरते.

शोभेचे अलो कुठले घेऊ?

टायगर टूथ पहिला. केनियाकडचा, आपल्या उन्हाला दाद देत नाही, उन्हात तांबूस होतो तेव्हा तर फारच देखणा दिसतो. पांढऱ्या पट्ट्यांचा तिकोनी पानांचा टायगर अलो दक्षिण आफ्रिकेचा, तो थंडीत वाढतो आणि उन्हाळ्यात झोपतो म्हणून एप्रिल-मेमध्ये त्याला पाणी अगदी नावापुरतं. स्पायरल अलोचा फोटो बघून खूप जण विचारतात, तो लेसोथोच्या उंच थंड डोंगरातला आहे, आपल्या पठारावरच्या आणि किनाऱ्यावरच्या हवेत टिकत नाही, आणि ऑनलाइन त्याच्या रंगीत बिया विकतात त्यांवर पैसे घालवू नका. बाहेरच्या देशातून रोपं मागवायची तर कागदपत्रं लागतात, अलो व्हेरा सोडून सगळे अलो साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत.

आम्ही न्यू जर्सीत असतो, इथे जगेल का?

हो, पण कुंडीतच. रात्रीचं तापमान दहा अंश सेल्सियसच्या खाली जायला लागलं की आत दक्षिणेच्या खिडकीत घ्या, हिमाने आतलं पाणी गोठून पानं फुटतात. आत असताना महिन्यातून एकदा पाणी खूप झालं, आणि हीटरच्या झोतासमोर ठेवू नका.

बहिणीला कुरिअरने पिल्लू पाठवायचंय, कसं पॅक करू?

माती सगळी झटकून, मुळं दोन दिवस सावलीत सुकवून. ओलं पाठवलं तर वाटेत कुजतं. वर्तमानपत्रात एकेक पिल्लू वेगळं गुंडाळा, खोक्यात कागदाचे बोळे भरा म्हणजे हलणार नाही, खोक्याला चार भोकं पाडा, प्लास्टिकची पिशवी घालू नका. आठ-दहा दिवस सहज तग धरतं. मिळाल्यावर तिने लगेच लावलं तरी पाणी आठवडाभर घालायचं नाही हे खोक्यात चिठ्ठी टाकून सांगा, आणि जून ते सप्टेंबर पाठवू नका.